सोमवारचा सण रविवारी
परदेशी राहणाऱ्या कॅनेडियन स्त्रिया, त्यांची मंडळे आणि त्यांचे सणवार

ऑक्टोबर महिन्याचा दुसरा सोमवार कॅनडात सुट्टीचा असतो. पीक घरात आले, कोठारे भरली, याबद्दल परमेश्वराचे आभार मानण्याचा तो दिवस. त्याला थँक्सगिव्हिंग म्हणतात. १८७९ साली हा सण नोव्हेंबर महिन्यात पाळण्याचे ठरले. पुढे त्याची तारीख अनेकदा मागेपुढे सरकली. १९२१ ते १९३० या काळात तर पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा स्मृतिदिन आणि हा आभाराचा सण एकाच सोमवारी पाळले जात होते. अखेर ३१ जानेवारी १९५७ च्या घोषणेने ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कायमचा निश्चित झाला. शेजारच्या अमेरिकेत याच नावाचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि चित्रपटांमुळे तो जगाला ठाऊक आहे. कॅनडाचा सण मात्र कॅनडाबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो.

लंडन, ब्रुसेल्स किंवा हाँगकाँग येथे राहणाऱ्या कॅनेडियन कुटुंबाची अडचण येथूनच सुरू होते. त्या सोमवारी तेथे कचेऱ्या चालू, शाळा चालू, बाजारात सणाची काहीही चाहूल नाही. म्हणून घरची गृहिणी सण एक-दोन दिवस अलीकडे आणते आणि शनिवारी किंवा रविवारी पंगत मांडते. टोरांटो वा न्यू जर्सी येथे ज्यांच्या लेकी-सुना आहेत, त्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पर्युषणातील प्रवचन तेथे कामाच्या दिवशी संध्याकाळी ठेवावे लागते, मुलांची पाठशाळा रविवारी भरते आणि स्वामीवात्सल्यही बहुधा सुट्टीचा दिवस पाहूनच ठरते. तिथी आकाशातल्या चंद्राप्रमाणे चालते. रजा मात्र कचेरीच्या हिशोबाने मिळते. परदेशात सण टिकवायचा तर या दोहोंमध्ये तडजोड करणारे कोणीतरी घरात लागते, आणि ते काम जवळजवळ सर्वत्र स्त्रीकडे आलेले दिसते.

असे का व्हावे, याचे एक कारण व्यवहारातले आहे. कंपनीने किंवा सरकारने पतीला परदेशी पाठविले की पत्नी अवलंबित म्हणून सोबत जाते. अनेक देशांत अशा परवान्यावर नोकरी करता येत नाही. स्वदेशी शिक्षिका, परिचारिका किंवा हिशेबनीस असलेली स्त्री तेथे अचानक रिकामी होते. पती सकाळी कचेरीत जातो, मुले शाळेत जातात आणि तिच्यासमोर अनोळखी शहरातला लांबलचक दिवस उभा राहतो. अलीकडे स्वतःच्या नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या कॅनेडियन स्त्रियांची संख्या बरीच वाढली आहे, आणि त्यांच्यामागून जाणारे पतीही आता अपवादात्मक राहिलेले नाहीत. तरीही सणाची यादी, पाहुण्यांची मोजणी आणि पाककृतींची वही बहुतेक घरांत अजून तिच्याच हाती असते.

म्हणूनच जगातल्या अनेक मोठ्या शहरांत कॅनेडियन स्त्रियांची मंडळे आढळतात. त्यांचे स्वरूप आपल्या महिला मंडळापेक्षा फारसे निराळे नसते. वार्षिक वर्गणी, अध्यक्षा, चिटणीस, कोषाध्यक्षा, सकाळच्या वेळी कॉफीसाठी एकत्र जमणे, पुस्तकांवर चर्चा, एखाद्या स्थानिक रुग्णालयासाठी वा अनाथालयासाठी निधी, आणि वर्षातून तीन-चार ठरलेले सण. मोठा फरक एकच. या मंडळांतील सभासद दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहतात. बदलीची नोकरी ज्यांनी केली आहे त्यांना यातील कष्ट समजतील. बँकेत असताना नव्या गावी सामान उतरविल्यावर दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सर्व माहिती देणारी शेजारीण मिळणे किती मोलाचे असते, हे आमच्या घरानेही अनुभवले आहे. तेथे हे काम मंडळ करते. नव्याने आलेल्या बाईला कोणत्या दुकानात मैदा कसा मिळतो, कोणत्या शाळेत प्रवेश सुलभ आहे, कोणता दंतवैद्य इंग्रजी किंवा फ्रेंच बोलतो, हे जुनी सभासद सांगते. नवी बाई जुनी होते तोवर सांगणारी दुसऱ्या देशी गेलेली असते. अशा वाहत्या पाण्यात वर्षानुवर्षे नियमित हिशेब, इतिवृत्त आणि शिल्लक राखणे सोपे नाही. मला त्यांच्या मेजवान्यांपेक्षा याचेच अधिक कौतुक वाटते.

आता पंगतीकडे वळू. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की पक्षी मुख्य असतो. तो आपल्याला वर्ज्य, म्हणून तो विषय येथेच सोडतो. परंतु त्या पानातील बाकीच्या गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. लाल भोपळ्याचे आपण घारगे करतो, ते त्याचे गोड सारण पिठाच्या पारीत भरून भट्टीत भाजतात. कॅनडात भोपळ्याचा शिजविलेला गर डब्यात तयार मिळतो. अनेक देशांत तो डबा सहज मिळत नाही, तेव्हा अख्खा भोपळा आणून, शिजवून, गाळून घ्यावा लागतो. मेपल वृक्षाच्या रसाचा पाक मात्र सामानाच्या पेटीतून कपड्यांत गुंडाळून नेला जातो. सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो, म्हणून तो जपून वाढतात. व्यापारी वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. जगातील बहुतांश मेपल पाक एकट्या क्वेबेक प्रांतात तयार होतो आणि तेथील उत्पादकांच्या संघाने भाव स्थिर ठेवण्यासाठी पाकाचा राखीव साठा करून ठेवला आहे. २०११-१२ मध्ये त्या साठ्यातून सुमारे तीन हजार टन पाक चोरीस गेला. त्याची किंमत सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर होती.

कॅनडाचे म्हणून ओळखले जाणारे दोन गोड पदार्थ परदेशातील या बैठकांत हमखास असतात, आणि दोहोंचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिला बटर टार्ट, म्हणजे लोणी, साखर आणि अंड्याचे सारण भरलेली छोटी पुरी. त्याची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील कृती १९०० साली ऑन्टारिओतील बॅरी गावच्या रुग्णालयाच्या महिला सहायक मंडळाने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात आहे. दुसरा नॅनाइमो बार. बिस्किटांचा चुरा व खोबरे यांचा खालचा थर, मध्ये कस्टर्डचा मऊ थर आणि वर चॉकलेट. त्याच्या कृतीचे जुने रूपही १९५२ साली नॅनाइमो येथील रुग्णालयाच्या महिला सहायक मंडळाने छापलेल्या पुस्तकात सापडते. रुग्णालयासाठी पैसा उभा करायचा म्हणून गावातल्या बायकांनी आपापल्या वहीतील कृती एकत्र करून छापल्या आणि त्यातूनच एका देशाची चव ठरली. त्यातील कस्टर्ड पावडरची कथा तर आपल्याला विशेष रुचेल. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली अंडे नसलेली ही पावडर तयार केली, कारण त्याच्या पत्नीला अंडे चालत नसे. बारच्या खालच्या थरात मात्र सामान्यतः अंडे घालतात. ते वगळून लोणी आणि दूध यांवर तो थर बांधता येतो, असे आमच्या नात्यातील एका सुनेने करून दाखविले आहे.

स्त्रियांच्या मंडळांचा विषय निघाला असता कॅनडाबाहेर राहिलेल्या एका कॅनेडियन विधवेचे कार्य सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याची सुरुवात दुसऱ्याच एका स्त्रीच्या दुःखातून झाली. ऑन्टारिओतील ॲडलेड हुडलेस यांचा तान्हा मुलगा १८८९ साली दगावला. दूषित दूध पोटात गेल्याने तो गेला, असे त्यांनी मानले आणि गृहिणींना स्वच्छता, आहार व बालसंगोपन यांचे शास्त्रीय शिक्षण मिळावे म्हणून उरलेले आयुष्य वेचले. १९ फेब्रुवारी १८९७ रोजी स्टोनी क्रीक या गावी भरलेल्या सभेस १०१ स्त्रिया आणि एक पुरुष हजर होते. त्या सभेतून वुमेन्स इन्स्टिट्यूट ही संस्था जन्मास आली. साधारण त्याच पिढीत आपल्याकडे शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबेन यांनी स्वतःच्या वैधव्याचे दुःख बाजूला ठेवून मुंबईत श्राविकाश्रमाचे काम उभे केले, याची येथे आठवण होते.

मॅज वॉट या टोरांटो विद्यापीठाच्या पदवीधर आणि ब्रिटिश कोलंबियातील या संस्थेच्या कार्यकर्त्या. १९१३ साली पती वारल्यावर दोन मुलांना घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. खेड्यातील स्त्रियांनी संघटना करावी ही कल्पना तेथे प्रथम कोणी फारशी मनावर घेतली नाही. युद्ध सुरू झाले, अन्नधान्याची चणचण जाणवू लागली, तेव्हा त्यांचे ऐकले गेले. सप्टेंबर १९१५ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटावर, लानफेअरपूल या गावी ब्रिटनमधील पहिली वुमेन्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ज्या संस्थेला आज सर्वजण अस्सल इंग्रजी समजतात, जिच्या मुरांब्याची आणि केकची तेथे थट्टाही होते आणि अभिमानही बाळगला जातो, ती एका कॅनेडियन बाईने सामानासोबत आणलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई असताना सरकारने या संस्थेच्या केंद्रांना साखर दिली आणि गावोगावच्या स्त्रियांनी वाया जाणारी फळे मुरवून हजारो टन अन्न वाचविले. मॅज वॉट पुढे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण स्त्रियांच्या जागतिक संघाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

सर्वच कॅनेडियन स्त्रिया पतीसोबत किंवा पदवी घेऊन परदेशी गेल्या असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पूर्वेकडील समुद्रकाठच्या प्रांतांतून असंख्य अविवाहित मुली पोटासाठी अमेरिकेतील बॉस्टनला गेल्या. घरकाम, शिवणकाम, कारखाने, रुग्णालये अशा ठिकाणी त्यांनी कष्ट केले आणि गावाकडे पैसे पाठविले. आपल्याकडे कोकणातल्या घरांचे मुंबईशी जे नाते, तेच त्या घरांचे बॉस्टनशी. ६ डिसेंबर १९१७ रोजी नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे दोन हजार माणसे मेली, तेव्हा बॉस्टनहून डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन निघालेली गाडी बर्फाच्या वादळातून तेथे पोहोचली. पुढल्या वर्षी नोव्हा स्कोशियाने कृतज्ञता म्हणून नाताळचा वृक्ष बॉस्टनला पाठविला. १९७१ पासून ही प्रथा दरवर्षी पाळली जाते. बॉस्टनमधील सार्वजनिक नाताळ आजही त्या झाडाचे दिवे लागल्यावरच सुरू होतो.

फ्रेंच भाषिक क्वेबेकच्या स्त्रियांचे वर्ष थोडे निराळे चालते. त्यांना थँक्सगिव्हिंगचे विशेष अप्रूप नसते. त्यांचा दिवस २४ जून, सेंट जॉन बाप्टिस्टचा, आणि नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थनेनंतर उशिरापर्यंत चालणारे जेवण. पेन्शनीत निघालेली हजारो क्वेबेकी जोडपी हिवाळा फ्लोरिडात काढतात. पती गेल्यावरही पुष्कळ स्त्रिया एकट्या तेथे येत राहतात, कारण वर्षांच्या ओळखीच्या मैत्रिणी तेथेच भेटतात. वसंत ऋतू लागताच मात्र सामान आवरले जाते. बहुतेक प्रांतांत साधारण सहा-सात महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास प्रांतीय आरोग्यविमा जाण्याची भीती असते, तेव्हा मुक्कामाचे दिवस काटेकोरपणे मोजावे लागतात.

हाँगकाँगमधील डिसेंबर महिना कॅनेडियनांसाठी आनंदाचा आणि शोकाचाही असतो. १९४१ च्या अखेरीस कॅनडाने तेथे पाठविलेल्या १,९७५ जणांच्या तुकडीत के क्रिस्टी आणि मे वॉटर्स या दोन परिचारिका होत्या. ऐन नाताळच्या दिवशी शहर जपानच्या हाती पडले. साडेपाचशेहून अधिक सैनिक परतले नाहीत. त्या दोघीही कैदेत पडल्या आणि १९४३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटल्या. साइ वान येथील युद्धस्मशानभूमीत दरवर्षी डिसेंबरच्या आरंभी कॅनेडियन कुटुंबे एकत्र जमतात आणि मगच नाताळच्या तयारीला लागतात. त्या जमावात आज चिनी चेहरेही पुष्कळ असतात. १९९७ च्या हस्तांतरापूर्वी हाँगकाँगची असंख्य कुटुंबे कॅनडात गेली. अनेकदा पती व्यापारासाठी हाँगकाँगमध्येच राहिला आणि व्हँकुव्हर किंवा टोरांटोत मुलांना घेऊन पत्नीने एकटीने संसार केला. नागरिकत्व मिळाल्यावर यातील बरेच जण परतले. त्या घरांत चिनी नववर्षही होते आणि ऑक्टोबरातला भोपळाही शिजतो.

येथवर सणांविषयी लिहिले. परंतु हा सारा खटाटोप या स्त्रिया एवढ्या निष्ठेने का करतात, हे समजण्यासाठी त्यांच्या देशाचा नागरिकत्वाचा कायदा पाहावा लागतो. त्या कायद्याने परदेशी असलेल्या लेकीला दीर्घकाळ सावत्रपणाने वागविले. १९४७ पूर्वी परकीयाशी विवाह केलेल्या स्त्रीचे राष्ट्रीयत्व बहुधा जात असे. १ जानेवारी १९४७ रोजी कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्व कायदा अमलात आला आणि ते थांबले. पण परदेशात जन्मलेल्या मुलाला, आईवडील विवाहित असल्यास, कॅनडाचे नागरिकत्व वडिलांकडूनच मिळे. ओटावाची मुलगी लग्न होऊन पॅरिसला राहिली तर तिच्या मुलांना ती आपली भाषा देऊ शके, आपला नाताळ देऊ शके, आपल्या आईच्या हातची चव देऊ शके. आपला देश देऊ शकत नसे. १५ फेब्रुवारी १९७७ रोजी नवा कायदा आला तेव्हा आईचा हक्क वडिलांच्या बरोबरीचा झाला. विलक्षण असे की, कॅनडाच्या मध्यवर्ती निवडणुकीत सर्वप्रथम मत देणाऱ्या स्त्रियांमध्ये परदेशी असलेल्याच स्त्रिया होत्या. पहिल्या महायुद्धात युरोपात सेवा करणाऱ्या लष्करी परिचारिकांना १९१७ मध्ये तो अधिकार मिळाला. घरी राहिलेल्या बहुसंख्य स्त्रियांना तो पुढल्या वर्षी मिळाला. पुढील काळात पाच वर्षांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्या नागरिकांचे मत काढून घेण्यात आले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाने पक्केपणी परत मिळाले.

आपल्या समाजातील काही घरांना या कायद्याचा आता प्रत्यक्ष संबंध येतो. टोरांटोला शिकलेली, तेथेच नागरिक झालेली मुलगी हिऱ्यांच्या किंवा कापडाच्या व्यापारातील घरात देऊन अँटवर्प, दुबई वा हाँगकाँगला गेलेली असते. तिचे तेथे जन्मलेले मूल कॅनेडियन ठरते. अडचण त्याच्या पुढील पिढीची. २००९ च्या दुरुस्तीने वारशाने मिळणारे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या पहिल्या पिढीपुरतेच ठेवले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ऑन्टारिओतील न्यायालयाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरविली आणि १५ डिसेंबर २०२५ पासून सुधारलेला कायदा लागू झाला. त्यानुसार स्वतः परदेशात जन्मलेल्या कॅनेडियन नागरिकाला यापुढे परदेशात मूल झाले, तर त्या मुलाच्या जन्मापूर्वी त्या नागरिकाने कॅनडात एकूण १,०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षे, राहिलेले असले पाहिजे. हे दिवस सलग असण्याची अट नाही. आजोळच्या उन्हाळी सुट्ट्या, तेथील शाळेचे एखादे वर्ष, विद्यापीठातील शिक्षण, सारे त्यात धरता येते. पुरावा मात्र हवा.

म्हणून अशा घरांतील आईवडिलांना माझी एक व्यवहारी सूचना आहे. मुलाचे मुदत संपलेले पासपोर्ट टाकून देऊ नयेत. विमानाच्या तिकिटांच्या प्रती, शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद, तेथील बँकेतील बालखात्याचे उतारे एका फायलीत तारखेवार लावून ठेवावेत आणि कॅनडातील मुक्कामाचे दिवस दरवर्षी मोजून पहिल्या पानावर पेनाने लिहावेत. हे काम बहुधा घरातील सुनेकडेच येईल. पाककृतींची वही ज्या कपाटात आहे त्याच कपाटात ही फाईलही ठेवता येईल.